निळा पापुद्रा

गेल्या तीस वर्षांत आमच्या तेरमेझमध्ये, उझबेकिस्तानच्या या दक्षिण टोकाला, ज्याचं लग्न झालं, त्याला शोदमोन-अकांनी ‘मान वर कर, हस जरा, तुला फाशी देत नाहीयेत’ असं एकदा तरी दरडावलेलं आहे. ते लग्नांचं चित्रण करायचे. सगळा बाजार त्यांना थोरल्या भावाच्या मानाने अका म्हणायचा. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागून आहे आणि मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडच्या नवऱ्या दिवसभर माझ्या कानात रडत सासरी जायच्या.

एवढ्या बायकांचे चेहरे टिपले, पण स्वतःच्या बायकोचं धड चित्रण या माणसाकडे नव्हतं. कॅमेरा दिसला की खदिचा-ओपा (ओपा म्हणजे थोरली बहीण) रुमालाचं टोक तोंडावर ओढून घ्यायच्या. एकदाच सापडल्या, तेही नुसत्या आवाजाने. अकांनी नवा माईक तपासायला म्हणून स्वयंपाकघरात सुरू करून ठेवला होता आणि ओपा समोशासारखे सामसे भरता भरता चाळीस मिनिटं नवऱ्याचा उद्धार करत राहिल्या. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून अका रोज दुपारी भाकरी मोडायला बसले की ते रेकॉर्डिंग लावायचे. भिंतीपलीकडे माझं पाठ झालं होतं: ‘अहो, चहा गार होतोय. त्या यंत्राशीच लग्न करायचं होतंत ना!’ त्यानंतर त्या हसायच्या.

वसंतात अकांच्या कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क टकटक करायला लागली. ओपांचा आवाज तिच्यातच होता. ते घाबरून माझ्याकडे आले. मी त्यांना नव्या धर्तीची डिस्क, एसएसडी दिली, बोटभर लांबीची, आणि ती गार ठेवायला तिच्यावर बसवायची दातेरी अॅल्युमिनियमची पट्टी.

“ही जुनीसारखी टकटक करणार नाही, अका. मरायच्या आधी सांगणारसुद्धा नाही. गरमीचं तेवढं सांभाळा. कॉम्प्युटरचा डबा भिंतीला टेकवू नका, त्यावर ते भरतकामाचं फडकं टाकू नका आणि नदीपलीकडून वारा सुटला की पंख्यातली धूळ काढा. आणि सगळ्याची दुसरी प्रत करून ठेवा.”

“झालं तुझं भाषण?”

“बसवून देऊ?”

“मावलुदा, तू रांगत होतीस तेव्हा मी कॅमेरे उघडून बसलेलो असायचो. चार स्क्रू मला शिकवतेस?”

समोर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी म्हटलं, बसवा तर. त्यांनी सगळं नवीवर उतरवून घेतलं आणि महिनाभरात जुनी डिस्क कायमची गप्प झाली. दुसरी प्रत करतो करतो म्हणत अकांनी केली नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

खदिचा-ओपांबद्दल एक सांगायचं राहिलं. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक आम्ही कुणीच काढत नाही. आमच्या फ्रिजच्या दारावर ते असतं, रिमोटवर असतं, मोटारीच्या सीटवर असतं आणि जुलैत त्याला मांड्या चिकटतात. पण ओपांनी कहर केला होता. आठ वर्षांपूर्वी घेतलेला सोफा त्यांनी दुधी प्लास्टिकमधून कधी उघडाच केला नाही. पाहुणा बसला की करकर व्हायची आणि ओपा अभिमानाने म्हणायच्या, “राहू दे, नवं राहतंय तेवढं राहू दे.” आम्ही त्यांची नक्कल करायचो.

जुलैत पारा सेहेचाळीसवर गेला. अका एका मोठ्या लग्नाचं काम करत होते. भिंतीपलीकडून ओरडले, “पोरी, दुपारी हे यंत्र पार ढेपाळतंय गं!”

“उन्हाळा आहे, अका! मीसुद्धा ढेपाळलेय!”

आम्ही दोघंही हसलो. यंत्र त्या वेळी ओरडून सांगत होतं आणि मला विनोद सुचत होता. हे मला आजही खातं.

तिसऱ्या दिवशी डिस्क गेली. मी पलीकडे जाऊन डबा उघडला. वरच्या पट्टीला हात लावला, ती जेमतेम कोमट होती. खालच्या चिपला बोट लागलं आणि भाजलं. स्क्रू काढून पट्टी उचलली. तिच्या पोटाशी उष्णता ओढून घेणारी मऊ रबरी चकती असते आणि चकतीवर पातळ निळ्या प्लास्टिकचा पापुद्रा. तो सोलून मगच पट्टी बसवायची. तो जागच्या जागी होता, एक सुरकुतीही न पडता. पट्टी बसवली होती, पण उष्णता तिच्यापर्यंत पोचतच नव्हती.

ढीगभर सूचना दिल्या होत्या मी. हे एक सांगितलं नव्हतं.

“काय आहे ते?” अकांनी विचारलं.

“काही नाही. असंच असतं,” मी म्हटलं आणि पापुद्रा खिशात घातला.

डिस्क ताश्कंदला पाठवली. तीन आठवड्यांनी फोन आला, काहीच निघणार नाही. मी अकांना सांगितलं.

“लग्नं जाऊ देत,” ते म्हणाले. “ती चाळीस मिनिटं?”

“नाही, अका.”

त्यांनी मान हलवली आणि स्टुडिओला कुलूप लावलं. आठ दिवस ते उघडलं नाही, तेव्हा मी गरम नान घेऊन त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. खोलीच्या मधोमध प्लास्टिकचा ढीग पडला होता. फ्रिजचं, रिमोटचं, खुर्च्यांचं, भिंतीवरच्या घड्याळाचंसुद्धा. अका शेजारी उभे होते, नखं सोलवटलेली.

“त्या दिवशी खोटं बोललीस,” ते म्हणाले.

“चूक माझी आहे, अका. मी सांगायला हवं होतं.”

“तो पापुद्रा मला दिसला होता, पोरी. त्यावर सोला म्हणून खूणही होती. मी नखसुद्धा घातलं होतं त्याच्या कडेला.” त्यांनी ढिगावरचा एक तुकडा उचलला. “तेवढ्यात ती बोलली. राहू दे, नवं राहतंय तेवढं राहू दे. इतकं स्पष्ट ऐकू आलं. म्हटलं, हिची डिस्क आहे, हिच्या मनासारखं होऊ दे.”

मला रडू फुटलं. त्यांना नाही.

सोफ्याचं कापड डाळिंबी निघालं, त्यावर बारीक पांढरी वेल. आठ वर्षं त्या घरात जात-येत होते, पण तो रंग मी कधी पाहिला नव्हता.

“बस,” अका म्हणाले. मी बसले. काही करकरलं नाही. अका जरा वेळ कान देऊन थांबले.

“तिने पसंत केलेलं कापड,” ते म्हणाले. “ती एकदासुद्धा त्याच्यावर टेकली नाही. मी कसा बसू?”

मी नानचे तुकडे केले, चहा ओतला. ते उभेच राहिले. चहा गार झाला आणि त्यांना बोलवायला घरात कुणाचा आवाज नव्हता.