ॲक्सिलेटरची केबल का तापते

माझी गाडी सोळा वर्षांची आहे. डिझेलची, चारही चाकांवर ओढणारी, शेजाऱ्यांची झोप मोडणारी. ती विकून टाक असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सुचवलं, त्यांतल्या एकालाही पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानातून रेशमाच्या शेडपर्यंत जावं लागत नाही. मला लागतं.

दौलताबाद रस्त्याला माझं चॉकी सेंटर आहे. रेशमाच्या अळ्या अंड्यातून निघाल्या की पहिले आठ-दहा दिवस त्या मी वाढवते. दुसऱ्यांदा कात टाकून उठल्या की ट्रेमध्ये भरून शेतकऱ्यांकडे पोचवते. तिथून कोष होईपर्यंतचं काम त्यांचं. पोचवायचा दिवस मागेपुढे करता येत नाही, कारण तो अळी ठरवते. उठली की तिला पाला लागतो, आणि ऊन तिला सोसत नाही. म्हणून पहाटे निघायचं आणि नऊच्या आत शेवटचा ट्रे उतरवायचा. या कामात गाडी चालू झाली नाही तर पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही.

पंधरा वर्षं झाली तेव्हा गाडीचं पुन्हा पासिंग करायचं होतं. खालून गंज दिसला तर परत पाठवतात असं ऐकलं होतं, म्हणून मी तिला रंगाऱ्याकडे नेलं आणि दोन दिवस तिथंच खुर्ची टाकून बसले. कामावर बसल्याशिवाय काम होत नाही असं माझं मत होतं. चेसिस खरवडून घेतली आणि वरपासून खालपर्यंत काळा रंग मारून घेतला. रंगारी म्हातारा होता, मला बाजी म्हणजे ताई म्हणायचा, हात अगदी सावकाश चालायचा. मध्येच एकदा तो गाडीखालून बाहेर आला आणि मला काहीतरी विचारू लागला. "मारा, सगळीकडं मारा," मी म्हटलं. पासिंग पहिल्याच फेरीत झालं. गाडी नवीन दिसत होती.

महिन्याभरात तिचं डोकं फिरलं. हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर चढायचा, बंद केले की खाली यायचा. किल्ली फिरवली की कधी सेल्फची मोटर जोरात फिरायची, कधी नुसता टक असा आवाज. मग दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा फिरवायची. बॅटरी दर चार दिवसांनी बसायला लागली.

शहरात ज्या गॅरेजमध्ये मी वर्षानुवर्षं जाते, तिथल्या इलेक्ट्रिशियननं बॅटरी बदलली. नवी बॅटरीही बसली. मग त्यानं सेल्फ खोलला, मग आल्टरनेटर बदलला. चौथ्या फेरीपर्यंत मला एक गोष्ट लक्षात आली होती. थंड गाडीला दोन-तीनदा किल्ली मारली आणि बॉनेट उघडून ॲक्सिलेटरच्या केबलला हात लावला, तर चटका बसायचा. मी ते त्याला सांगितलं.

"इंजिन गरम असतं मॅडम, केबल तापणारच." तो माझ्या खांद्यावरून मागं बघत बोलत होता. मागं कोणी नव्हतं.

"इंजिन थंड होतं. रात्रभर उभी होती गाडी."

"साहेबांना पाठवा ना एकदा. त्यांना नीट समजावून सांगतो."

"साहेबांना डिपस्टिक आणि चमचा यातला फरक कळत नाही."

गॅरेजमधले सगळे हसले. तोही हसला. "तरी पाठवा," म्हणाला.

माझा नवरा बँकेत आहे. आमची ही गाडी त्यानं आयुष्यात दोनदा चालवली असेल, दोन्ही वेळा कुरकुरत. तो गेला. त्याला पंधरा मिनिटं समजावून सांगण्यात आलं आणि घरी येऊन त्यानं मला निकाल सांगितला. गाडी म्हातारी झाली आहे, वायरिंग आतून सडलं आहे, विकून टाकावी. मी केबलचं विचारलं. "कुठली केबल?" तो म्हणाला.

त्या दिवशी मला इतका राग आला होता की मी त्याच्याशी भांडलेसुद्धा नाही. चार फेऱ्यांत त्या इलेक्ट्रिशियननं एकदाही व्होल्ट मोजायला मीटर लावला नव्हता. वस्तू बदलत गेला होता, बस. आणि गाडी वर्षाचे तीनशे दिवस जिच्या हातात असते तिनं सांगितलेली एकमेव कामाची गोष्ट त्यानं हवेत सोडून दिली होती.

सप्टेंबर संपत आला होता तेव्हाची गोष्ट. दोन ठिकाणी अळ्या द्यायच्या होत्या, दोन्ही कन्नडच्या पलीकडं. पहिल्या शेतकऱ्याकडं साडेसातला पोचले, ट्रे उतरवले, आणि सवयीनं गाडी बंद केली. परत लावायला गेले तर टक. आदल्या दिवशीच्या पावसानं रान लिबलिबीत झालेलं, तिघांनी धक्का दिला तर चाकं जागच्या जागी रुतली. दहा मिनिटं थांबले, टक. अर्धा तास थांबले, टक. तोवर ऊन वर आलं. कन्नडहून जीप बोलावली, ती डांबरी सडकेवरच थांबली, तिथपर्यंत ट्रे डोक्यावरून नेले. दुसऱ्या शेडवर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते.

ती शेड एका बाईची होती. वय तिशीच्या आसपास, नवरा साखर कारखान्यात, रेशमाचं सगळं ती एकटीनं बघायची. चुना मारून शेड तयार ठेवली होती, पाला कापून ओल्या गोणपाटाखाली झाकला होता. तिनं वरचा ट्रे उघडला. अळ्या सैल पडल्या होत्या, डोकं उचलत नव्हत्या.

"मिस्त्रीनं गाडीची वाट लावली," मी म्हटलं. "आणि गाडीही आता दगा द्यायला लागलीय."

ती एक अळी बोटावर घेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुमच्या गाडीच्या भरोशावर म्या पाला कापला व्हता."

चौथ्या दिवशी अळ्या मेल्या, सगळी बॅच खड्ड्यात गेली. मी बदली बॅच देते म्हणून फोन केला. "आधी गाडी नीट करून आणा," ती म्हणाली. "मंग बघू. इथल्या समद्या बाया मला इचारून चॉकी घेत्यात. त्यांनला काय सांगू? सेंटर लई मोठं हाय, पण गाडी ढकलावी लागती?"

त्या भागातल्या अकरा शेडवर माझ्या अळ्या जातात. ती गेली असती तर बाकीच्या बायाही गेल्या असत्या. पुढच्या बॅचची अंडी फुटायला तीन दिवस होते.

सेंटरवर दमटपणा ठेवायची यंत्रं आहेत, त्यांची वायरिंग मी स्वतः बघते, त्यामुळे मीटर माझ्याकडं होता. रविवारी सकाळी मी नवऱ्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. तो पेपर घेऊन बसला. बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला, साडेबारा व्होल्टच्या वर. "किल्ली मार," मी म्हटलं. टक. बॅटरी बाराच्या जवळ होती, म्हणजे ती मेलेली नव्हती. मग लाल टोक सेल्फच्या बोल्टवर धरलं, काळं बॅटरीच्या मायनसवर. तिथंही जवळजवळ तेवढंच. म्हणजे जाणारा रस्ता ठीक होता. शेवटी एक टोक मायनसवर ठेवलं आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. "मार."

"परत तेच?"

"मार म्हटलं ना."

मीटरवर चार व्होल्ट आले. तिथं पाव-अर्ध्याच्या वर काही यायला नको. करंट इंजिनपर्यंत जात होता, पण बॅटरीकडं परत यायला त्याला वाट नव्हती, म्हणून तो ॲक्सिलेटरच्या केबलमधून घुसत होता. बोटाएवढ्या जाडीच्या अर्थिंगच्या पट्टीतून जायचं ते एका सुतळीएवढ्या तारेतून. केबल तापणारच.

मी बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंत जंपर केबल लावली. "आता मार." गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. नवऱ्यानं पेपर खाली ठेवला.

आता पट्टी शोधायची होती. इंजिनपासून चेसिसवर येणारी तांब्याची विणलेली पट्टी, तिचा बोल्ट. मी गाडीखाली गेले आणि तो बोल्ट खोलला. पट्टीच्या वर रंग होता. पट्टीच्या खालीही रंग होता, जाड, गुळगुळीत, काळा. बोल्ट काढून, खालची जागा रंगवून, वाळवून, मग पट्टी परत बसवली होती. रंगातून वीज जात नाही.

रंगाऱ्याला शिवी देण्यासाठी मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तो गाडीखालून बाहेर येऊन काय विचारत होता, ते मला तेव्हा शब्दन् शब्द आठवलं. "बाजी, ये जगा कोरी छोडते. इधर से करंट जाता." आणि मी खुर्चीवरून म्हटलं होतं, "अहो बोल्ट काढा आणि खाली मारा, गंज तिथंच धरतो. सगळीकडं मारा." त्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं होतं आणि परत खाली गेला होता.

इलेक्ट्रिशियनवर मी चार महिने जो राग धरला होता तो खोटा नव्हता. आजही तो माझ्या मनात आहे तसाच आहे. मीटर न लावणारा माणूस मीटर न लावणाराच. पण त्या म्हाताऱ्यालाही कामाची एक गोष्ट माहीत होती, ती त्यानं सांगितली होती, आणि मी ती हवेत सोडून दिली होती. गाडीखाली उताणी पडून मी सँडपेपरनं ती जागा पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासली. पट्टीची दोन्ही टोकं घासली. लागत होतं त्यापेक्षा जास्त वेळ घासली.

नवरा वाकून बघत म्हणाला, "एवढंच होतं?"

"हो. तुझ्या त्या सडलेल्या वायरिंगला काही झालेलं नाही."

पुढची बॅच उठली त्या सकाळी मी सगळ्यात आधी कन्नडपलीकडच्या त्या बाईच्याच शेडवर गेले. न विचारता गेले. सात वाजले नव्हते. ती बाहेर आली, हात पदराला पुसत. इंजिन चालू होतं.

"बंद नका करू," ती म्हणाली. "इथं ढकलाया कुणी नाय."

मी बंद केली. उतरले, आणि ट्रेला हात लावायच्या आधी तिला सांगून टाकलं. गाडीनं दगा दिला नव्हता. मिस्त्रीला दोष सापडला नाही, पण दोष मीच घातला होता. रंगाऱ्यानं नको म्हटलेलं असताना मीच रंग मारायला लावला, त्यानं करंटची वाट अडली, केबल तापायला लागली, आणि तिची बॅच त्यात गेली.

तिनं ऐकून घेतलं. "मंग त्या दिशी गाडीला कशापायी शिव्या देत व्हता?"

"माहीत नव्हतं तेव्हा."

"माहीत नसंल तर गप ऱ्हावं मानसानं."

मी किल्ली तिच्यापुढं धरली. "तू लाव. माझ्या सांगण्यावर जाऊ नको."

ती ड्रायव्हरच्या सीटवर याआधी कधी बसली नव्हती. गिअर न्यूट्रलला आहे हे मी दोनदा बघितलं. तिनं किल्ली फिरवली, गाडी लागली. तिनं बंद केली. परत लावली. बंद केली. असं सहा वेळा केलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, डाळ निवडताना असतो तसा चेहरा. मग खाली उतरून तिनं बॉनेटकडं बोट केलं.

"ती केबल दावा."

मी बॉनेट उघडलं. तिनं केबलला आधी बोट लावलं, मग पूर्ण मूठ आवळून धरली, आणि बराच वेळ सोडली नाही.

"चटका नाय बसत," ती म्हणाली. आणि शेडचं दार उघडायला गेली.