अर्धा वेढा जास्त

माझा मामा एअर रायफलवर दुर्बीण बसवायचा, आणि तेव्हा शेजारी कुणी बोललं तर अंगावर यायचा. नेमबाजी क्लबच्या मागे पत्र्याच्या खोलीत त्याचं टेबल होतं. तिथे मी दहा वर्षं त्याच्या हाताखाली काढली. बोलणी इतकी खाल्ली की डबा न्यायची गरज नव्हती.

त्याची पद्धत ठरलेली. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, समोरच्या भिंतीवर ओळंबा सोडायचा. मग दुर्बिणीला डोळा लावून ती कड्यांमध्ये हळूहळू फिरवायची, आतल्या फुलीची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर बसेपर्यंत. मग कड्यांचे स्क्रू आळीपाळीने, जरा जरा आवळायचे. शेवटी समोरच्या निशाणाच्या कागदावर पाच छर्रे मारायचे. ते मध्यापासून जितके सरकलेले असतील तितकी दुर्बिणीवरची नेम सरकवायची चकती फिरवायची आणि पुन्हा पाच. "एका छर्‍यावर चकतीला हात लावलास तर हात मोडीन," हे मला रोज ऐकावं लागायचं. क्लबातली माणसं पाठीमागे त्याला 'ओळंबा' म्हणायची. त्याला ते माहीत होतं, आणि आवडायचंही.

निवड स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याने एका नर्सबाईंची बंदूक लावून दिली. बाई तीन वर्षं ड्युटी संपवून सरावाला येत होत्या. मामा जेवायला घरी गेला, मी बंदूक पुसायला घेतली. स्क्रू मला सैल वाटले. म्हटलं, म्हातारा विसरला! मी शहाणी ना, प्रत्येक स्क्रू अर्धा वेढा आवळला. तेवढ्यानेही दुर्बिणीची नळी दाबली जाते आणि नेम हलतो, हे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. निदान पाच छर्रे मारून बघायचे. कंटाळा केला. बंदूक पिशवीत घातली आणि चेन ओढली.

दुसर्‍या दिवशी बाईंचे छर्रे एकाला एक लागून पडत होते, पण सगळे मध्यापासून दोन बोटं डावीकडे. चकती फिरवली असती तर भागलं असतं. पण दुर्बीण मामांनी लावलीय म्हटल्यावर बाईंनी तिला हात लावला नाही. चूक आपलीच, असं समजून त्या श्वास सांभाळत राहिल्या, आणि निवडीतून बाहेर पडल्या.

"मामांचे डोळे गेले आता," क्लबचे सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाले. मामाने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

त्याच आठवड्यात त्याने काम सोडलं. डॉक्टरने तपासून सांगितलं, डोळे वयाच्या मानाने उत्तम आहेत. मामा म्हणाला, डॉक्टर मन राखतोय. त्याने सायकल सोडली, दाढी न्हाव्याकडे करायला लागला, पेपर मामीकडून वाचून घ्यायला लागला. त्याचं टेबल मला मिळालं. रोज सकाळी त्या खुर्चीवर बसताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. संध्याकाळी म्हणायची, उद्या सांगू. अशी चार वर्षं काढली मी, निर्लज्जासारखी.

मागच्या महिन्यात एकदाची त्याच्या घरी गेले. एव्हाना साखरेच्या आजाराने त्याचे डोळे खरोखरच नेले होते. मला त्याने आवाजावरून ओळखलं. मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं, स्क्रू, अर्धा वेढा, कंटाळा, सगळं. आता भडका उडणार म्हणून हात जोडून उभी राहिले. हात जोडलेले त्याला दिसत नाहीत, हे लक्षातच आलं नाही माझ्या.

मामाने मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाला, "म्हणजे मी लावली तेव्हा बरोबर होती?"

"हो मामा."

"पाचही मध्यात होते? तू बघितलं होतंस?"

"कागद मीच काढला होता, मामा. पाचही मध्यात."

तो ताडकन उठला. भिंत चाचपत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि ओरडला, "अगं, ऐकलंस का? त्या दिवशी मला नीट दिसत होतं!"

मामी हात पुसत बाहेर आली. त्याने तिला ते पुन्हा सांगितलं, मग आणखी एकदा. चेहरा नुसता फुलला होता. मला तो एका शब्दानेही बोलला नाही. मामीला म्हणाला, पोरगी उन्हातून आलीय, तिला आधी पाणी दे.