दोनदा वाजणारी घंटा

आमच्या ह्यांना झोप येत नाही असं कुणी म्हणालं, तर ऐकून घेणार नाही मी. येते हो, रग्गड येते. फक्त घरी येत नाही.

हे कारखान्यात क्रेन चालवतात. छताखालच्या केबिनमध्ये बसून पत्र्याच्या अवाढव्य गुंडाळ्या इकडच्या तिकडे ठेवायच्या. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी अंगवळणी पडते न पडते तोच सकाळची लागते, आणि बदली माणूस आला नाही की दोन्ही सलग. दिवसा झोपावं तर शेजारी वेल्डिंगचं दुकान. खिडकीला जाड चादर ठोकली, पोरांना दटावलं, कुकर लावणंसुद्धा बंद केलं. हे आपले छताकडे टक लावून पडलेले.

क्रेनखाली माझा सख्खा धाकटा भाऊ. गुंडाळी टेकवण्याआधी तिच्याखाली लाकडी ठोकळे सरकवायचं काम त्याचं. त्याने हात वर केला की ह्यांनी क्रेन थांबवायची आणि पायाजवळची घंटा टाचेने दोनदा दाबून वाजवायची. म्हणजे, 'थांबलोय, ये आत.' मग तो लोंबत्या मालाखाली शिरतो.

परवा दुपारी ह्यांचा एकदाचा डोळा लागला. मी पायथ्याशी कपड्यांच्या घड्या घालत होते. बघते तर काय, ह्यांच्या टाचेने गादी दाबली. एकदा, मग पुन्हा. मला हसूच फुटलं. उठल्यावर म्हटलं, "अहो, झोपेतही घंटा वाजवता की!"

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"क्रेनवरही वाजवली," हे म्हणाले. "डोळा लागला होता माझा. जाग आली तेव्हा तुझा भाऊ मालाखालून बाहेर येत होता. आणि माल हलत होता."

"साहेबांना सांगा!"

"सांगितलं की क्रेनवरून उतरवतील आणि हातात झाडू देतील. त्या पगारात चालव घर."

"आणि नाही सांगितलं तर?"

ह्यांनी भिंतीकडे कूस बदलली. इकडे नवरा, तिकडे भाऊ. कुणावर ओरडायचं तेही कळेना.

सुट्टीच्या दिवशी भाऊ आला. चहा हातात दिला आणि मला राहवेना.

"अरे बाबा, तुझे दाजी झोपेत घंटा वाजवतात! तिच्यावर विसंबू नकोस. माल खरंच थांबलाय का, आधी मान वर करून बघ आणि मग शीर!"

हे जमिनीकडे बघत बसले. मला वाटलं, आता हा भडकणार, दाजींची कॉलर धरणार. धरली असती तर बरं वाटलं असतं मला.

त्याने कप खाली ठेवला. डोळे लालभडक, खाली काळी वर्तुळं. इतके दिवस माझं लक्ष कसं गेलं नाही?

"कधी वाजवली, दाजी?" त्याने विचारलं. "मला तर आत शिरल्याचंच आठवत नाही."

उद्यापासून दोघांना पुन्हा रात्रपाळी आहे.