अत्तरवाल्याची पायरी

निजामाच्या अमलात जालन्याला, मस्तगडच्या बाजारात एक म्हातारा अत्तरवाला बसायचा. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. आपल्या दुकानापुढे पाणी शिंपडताना तो शेजारच्या दोन दुकानांपुढेही शिंपडायचा. येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनगटाला अत्तराचा फाया लावायचा. घेणार का, असे विचारायचा नाही.

“चाचा, फुकट वाटून दुकान बुडंल,” एक शेतकरी म्हणाला.

“बुडू द्या, पाटील. तुमच्या बैलाचा वास तर कमी होऊन राह्यला!”

आई गेल्यावर मला माणसांत जाववेना, अन्नही जाईना. महिन्याने शाळेसाठी शाई आणायला बाजारात गेलो, तेही मान खाली घालून. म्हाताऱ्याने सवयीने फाया उचलला, माझे मुंडन केलेले डोके पाहिले आणि फाया खाली ठेवला. दुखवट्याच्या वर्षात आम्ही अत्तर लावत नाही, हे त्याला ठाऊक होते.

“आज न्हाई लावत, मास्तर. पण बसा की. बाजारात काय फकत घ्यायलाच यायचं अस्तं का?”

मी पायरीवर बसलो. तो पुढच्या माणसाच्या मनगटाला फाया लावू लागला. समोर माणसे घासाघीस करत होती, हसत होती. तासाभराने मला भूक लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.