गणपतच्या भट्टीवर फैसल

गणपत माझा धाकटा भाऊ. आणि कुवेतात अर्दियाच्या त्या बेकरीत त्याला लावला तो मी, हे आधी सांगतो. माझ्या शब्दावर कफीलने त्याला व्हिसा दिला. कफील म्हणजे मालक. मी सातवी शिकलोय, पण बेकरीची गाडी अख्ख्या कुवेतात मीच फिरवतो. गणपत रोटी भाजतो. तशी फुगवणारा दुसरा दाखवा मला.

लढाई लागली आणि कुवेती पोरांना सैन्यात बोलावणं आलं. रोटी भाजणाऱ्याला सूट होती. कफीलचा मुलगा फैसल, ज्याने जन्मात पिठात बोट घातलं नव्हतं, त्याने लिहून दिलं की भट्टी मी चालवतो. खात्री करायला सैन्याचा साहेब येणार होता.

कफील गणपतला म्हणाला, "त्याला काम शिकव. साहेब आला की तू गोदामात लप. पोरगा सैन्यात गेला तर तू पण गावाला."

"नाही म्हणून सांग," मी म्हटलं. "तुझं काम तो आपलं म्हणून दाखवणार?"

"पोरगा घाबरलाय रे दादा. आणि रुपालीला काय सांगू, नोकरी घालवली?" रुपाली त्याची बायको, गावी असते.

शिकवलंन मग. फैसल बघून बघून सगळं तसंच उचलायचा.

साहेब आला त्या दिवशी माझा सख्खा भाऊ मैद्याच्या गोण्यांमागे, उंदरासारखा. मी दाराशी गाडीत आदल्या रोट्या भरत होतो. फैसलने भट्टी पेटवली, गोळा झकास थापला. मग कणकेची चिमूट आगीत टाकली आणि हात कपाळाला लावला. आमची आई चुलीपुढे करायची तेच. गणपत रोज करतो.

"हे काय?" साहेबाने विचारलं.

"भट्टीवर असंच करतात."

"कोण करतात?"

फैसलने दुसरा गोळा उचलला. साहेब माझ्याकडे वळला, हिंदीत म्हणाला, "तुम्हारा आदमी किधर है?"

मी गोदामाकडे बोट दाखवलं. माझ्या भावाचं काम दुसऱ्याच्या नावावर जाऊ देणारा मी नाही.

सूट गेली. कफीलने गणपतला घाण घाण शिव्या घातल्या, सामान बांधायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फैसलला सैन्याच्या गाडीत बसवून कफील बेकरीत आला. बाहेर लोक रोटीला उभे, भट्टी थंड, गणपत बॅग घेऊन दारात.

"पेटव," कफील म्हणाला.

गणपतने पेटवली, चिमूट टाकली.

कफील खाली बघत पुटपुटला, "एक फैसलच्या नावाची पण टाक."

आणि माझ्या भावाने टाकली. वर हातही कपाळाला लावला. मला शिसारी आली. बाहेर जाऊन थुंकलो आणि गाडी चालू केली.