शेडमधला खडा

बाबा गेले तेव्हा गुरुजींना फोन मीच केला. मी एकुलती एक मुलगी, आई आधीच गेलेली. वेम्बलीचे गुरुजी आवाजात कुठलाही कठोरपणा न आणता म्हणाले, "मुलीच्या हातून मी हे कर्म करवून घेत नाही. घराण्यातला कोणी पुरुष असेल तर सांगा. नाहीतर दुसरे कोणी गुरुजी बघा, माझा राग नाही."

दुसरे कोणी त्या आठवड्यात मोकळे नव्हते. स्लाऊच्या चुलतभावाला बोलावलं.

समान वागणुकीच्या तक्रारींवर लोकांना सल्ला द्यायचा, हे माझं रोजचं काम. सरकारी अर्जावर बाबांच्या दहनासाठी माझीच सही चालली, त्याला कोणी हरकत घेऊ शकत नव्हतं. पण देवाधर्माच्या विधीत कायदा गुरुजींना बरीच मोकळीक देतो, हेही मला पाठ होतं. अशा किती जणांना मी शांतपणे समजावून सांगितलं असेल. तरी त्या रात्री मी तक्रारीचं पत्र लिहून ठेवलं.

बाबा हॉस्पिटलात डॉक्टर होते. त्यांच्या हाताखालची एक डॉक्टर तिच्या धर्मामुळे एक शस्त्रक्रिया करायला नकार द्यायची. तिच्या वाटची कामं बाबा करायचे आणि घरी येऊन कुरकुरायचे. "मग तक्रार करा ना," असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "तिला नाही म्हणायचा हक्क आहे आणि पेशंटला उपचाराचा. मधे कोणीतरी उभं राहायचं असतं, एवढंच."

दहनाच्या सकाळी गुरुजींनी मडकं फोडायला एक खडा आणायला सांगितला. भावाने तो आमच्या ड्राइव्हवेवरूनच उचलला. तिथे सगळीकडे तसलेच करडे खडे पसरलेले आहेत. मडकं फुटल्यावर गुरुजींनी खडा कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिला. "हा जीवखडा. दहा दिवस जीव याच्या आसऱ्याने असतो. घराबाहेर ठेवा, रोज पाणी घाला. हरवू नका."

भाऊ तो घेऊन स्लाऊला गेला आणि दुसऱ्याच दिवशी परत आला.

"ताई, माझ्या फ्लॅटला बाल्कनीसुद्धा नाही. तुझ्या शेडमध्ये ठेव ना. नाहीतरी काका आयुष्यभर शेडमध्येच बसायचे."

मी हसले. तो हसला नाही. "एक सांगू? खडा पुढच्या सीटवर ठेवला होता. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा गाडी बीप करत होती. सीटबेल्ट लावा म्हणून."

"सेन्सर बिघडला असेल."

"असेल," तो म्हणाला. "रिकाम्या सीटवर कधी वाजला नव्हता."

शेडच्या फळीवर बाबांच्या झाडं छाटायच्या कात्रीशेजारी, स्टीलच्या वाटीत मी खडा ठेवला. रोज सकाळी पाणी घालायचे. दुसऱ्या दिवशी पाणी निम्मं झालेलं असे. फेब्रुवारी होता. खिडकीबाहेर बादलीतलं पाणी गोठून राहायचं आणि वाटीतलं कमी व्हायचं. मी कारण शोधलं नाही. बाबांशी बोलावंसं वाटायचं, पण नुसतीच उभी राहायचे.

नवव्या सकाळी शेडचं दार उघडं होतं आणि वाटी खाली पालथी पडली होती. खडा नव्हता.

कोल्हा आला असेल, किंवा वारा. दारापासूनच ड्राइव्हवेचे खडे सुरू होतात. मी गुडघे टेकून शोधत राहिले. सगळे करडे, सगळ्यांवर दव गोठलेलं. एकच कोरडा सापडला. हातात घेतला तर गार नव्हता. तोच असणार म्हणून मी तो वाटीत ठेवला आणि कोणाला काही बोलले नाही.

दहाव्या दिवशी भाऊ आला. त्याने खडा पुढच्या सीटवर ठेवला, मी मागे बसले. मिल्टन कीन्सची राउंडअबाउट्स एकामागून एक गेली. गाडी गप्प होती.

"बघ, दुरुस्त झाला," तो म्हणाला.

मी मागून त्या खड्याकडे बघत राहिले. हा तो नसला तर?

नदीकाठी गुरुजी वाट बघत होते. त्यांनी भावापुढे हात केला तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. हाच तो खडा आहे, हे मला शपथेवर सांगता येणार नव्हतं.

गुरुजींनी विचारलं, "रोज पाणी कोणी घातलं?"

"मी."

"खडा निवडला कोणी?"

"मीच."

"मी नको म्हटलं होतं."

"हो. आणि गुरुजी, मी तुमच्याविरुद्ध पत्रही लिहून ठेवलंय. हे माहीत असू द्या."

त्यांना राग आला नाही, किंवा त्यांनी दाखवला नाही. त्यांनी तिळाच्या पाण्याचा डबा माझ्या आणि भावाच्या बरोबर मधे गवतावर ठेवला आणि ते पलीकडच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले.

"मी तुमच्या हातून करवून घेणार नाही. ते मला पटत नाही. मंत्र मी या झाडाकडे बघून म्हणतो. मागचं मला दिसत नाही."

भावाने माझ्याकडे पाहिलं, खडा गवतावर ठेवला आणि तो दोन पावलं मागे सरकला. मी डबा उचलला. तिळाचं पाणी खड्यावर सोडलं, दहा वेळा. मग तो नदीत सोडला. तो बुडाला, पण आवाज आला नाही. निदान मला ऐकू आला नाही.

भावाने मला घरी सोडलं. मी मागच्या सीटवरून उतरले, दार लावलं. त्याने ड्राइव्हवेवरून गाडी मागे घेतली आणि मधेच थांबवली. काच खाली केली. आतून बीप ऐकू येत होता.

"ताई." त्याचा चेहरा उतरला होता. "सीटवर काहीच नाहीये गं."

पुढच्या चाकाखाली तेच करडे खडे होते. मला बाबा आठवले, कुरकुरत कोट चढवून दुसऱ्याच्या वाटच्या कामाला निघालेले.

"बेल्ट लाव," मी म्हटलं.

त्याने वाकून रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि अडकवला. आवाज थांबला.

पत्र मी पाठवलं नाही. फाडलंही नाही. घरात येताना मी अजून त्या खड्यांवर पाय देत नाही, कडेच्या गवतावरून येते.