हुकमाची शिट्टी

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच निवृत्त सुभेदारकाकांचं स्वयंपाकघर आहे. रोज सकाळी काका कुकरपुढे सावधान उभे राहतात आणि गरजतात, "शिट्टी दे!" कुकर लगेच देतो. फौजेचा दरारा म्हणतात तो हाच, असं मला वाटायचं. मग एकदा काकूंचा हात दिसला. काकांची दाढी उरकेपर्यंत त्या गॅस बारीक ठेवतात आणि ते आले की हळूच मोठा करतात.

सीमेवर एक स्फोट काकांना न विचारता झाला आणि त्यात त्यांच्या शेजारी उभा असलेला जोडीदार गेला. तेव्हापासून अचानक झालेला आवाज त्यांना सोसत नाही. हुकमानं झालेला चालतो. यात हसण्यासारखं काही नाही. मॅच बघताना आपली विकेट पडू नये म्हणून मीही खुर्चीवरून हलत नाही, लघवी दाबून देश वाचवतो.

काल माझाच कुकर अचानक वाजला. समोरचे काका दिसेनासे झाले. काकूही खाली वाकल्या. बऱ्याच वेळानं ओट्याच्या कडेवर दोन डोळे वर आले.

"कुणाच्या हुकमानं?"

"चुकलं, साहेब!" मी ताठ उभा राहिलो. "दुसरी तुम्हाला विचारून."

काका उठले. बनियन खाली ओढून सारखं केलं.

"दे!"

माझा भात केव्हाच झाला होता. पण हुकूम म्हणजे हुकूम. मी उलथन्यानं शिट्टी उचलली, वाफ फुस्सकन सुटली, आणि काकांच्या पाठीमागून काकूंनी मला पळीनं सलाम ठोकला.